पृष्ठभागाची वहिवाट

अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या वॉशिंग्टन येथील प्रयोगशाळेत पॉल एमेट आणि स्टीफन ब्रुनॉअर हे अमोनियाच्या लोह-उत्प्रेरकाचा अंतर्बाह्य पृष्ठभाग नेमका किती, या प्रश्नाच्या मागे लागले होते. 1938 साली एडवर्ड टेलर यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेले सूत्र ‘बीईटी’ या नावाने आज जगभर रूढ आहे. उणे 196 अंशांवर थंड केलेल्या कुपीत नत्रवायू मापून सोडावा, उरलेला दाब वाचावा आणि एका रेणूस 16.2 चौरस अँगस्ट्रॉम जागा लागते असे धरून हिशेब करावा, इतकीच ती रीत.

परंतु क्षेत्रफळ कळल्याने जमीन कोणाच्या वहिवाटीत आहे हे कळत नाही, आणि नत्रवायू तर सर्वत्र सारखाच बसणारा! म्हणून एमेट आणि ब्रुनॉअर यांनी आवडनिवड असलेले वायू हाताशी धरले. कार्बन मोनॉक्साइड लोहाला बिलगतो, कार्बन डायऑक्साइड लोहात प्रवर्तक म्हणून मिसळलेल्या पोटॅशच्या अल्कलीला. त्यावरून असे उघडकीस आले की वजनात अत्यल्प असलेल्या प्रवर्तकांनी पृष्ठभागाचा फार मोठा हिस्सा बळकावला आहे.

दुसऱ्या एका उत्प्रेरकात, ॲल्युमिना या आधारद्रव्यावर पसरलेल्या मॉलिब्डेनम ऑक्साइडचा आच्छाद मोजताना हीच युक्ती उलट बाजूने चालते. कार्बन डायऑक्साइड ॲल्युमिनाच्या अल्कधर्मी हायड्रॉक्सिल गटांवर बायकार्बोनेटच्या रूपाने बसतो, मॉलिब्डेनमच्या थरावर सहसा बसत नाही; तेव्हा कोऱ्या आधारद्रव्याच्या मानाने तो जितका कमी शोषला जाईल, तितकी जागा झाकली गेली असे मानावयाचे. मात्र सैल चिकटलेले रेणूही बेरजेत शिरतात. म्हणून एकदा अधिशोषण मोजून, निर्वात करून, पुन्हा मोजावे लागते, आणि दोन आकड्यांतील वजाबाकीच खरी धरावी लागते.

या रीतीतील खोच मला अधिक महत्त्वाची वाटते. मॉलिब्डेनम प्रथम अत्यंत अल्कधर्मी गटांवरच कब्जा करतो, म्हणजे आपण ज्या साक्षीदारांवर विसंबतो तेच आधी नाहीसे होतात. साहजिकच प्रत्येक चौरस नॅनोमीटरवर सुमारे 4 ते 5 अणूंचा एकपदरी थर पुरा होण्याच्या बऱ्याच आधी आच्छाद पूर्ण झाल्याचा भास होतो. यावर पर्याय म्हणून, ऑक्साइडचे हायड्रोजनने क्षपण करून उणे 78 अंशांस प्राणवायू शोषवितात. पण त्याचा आकडा क्षपण कितपत झाले यावर हलतो; म्हणून तपमान आणि कालावधी न नोंदविलेल्या अशा आकड्यांची आपसांत तुलना करणे व्यर्थ होय.