हवापालटाचे शास्त्र

आजारातून उठलेल्या माणसाला हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी न्यावे, हा सल्ला महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या दिला गेला. १८२८च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वर वसवले, तेव्हा इंग्रज अधिकारी आणि सैनिकांची प्रकृती सुधारावी हाच त्यामागचा हेतू होता. पुढे पाचगणी आणि मिरज इथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामे निघाली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, क्षयावर औषध हाती आले आणि हवापालट उपचारांच्या यादीतून निघून सुट्टीच्या बेतात जाऊन बसला. त्या जुन्या सल्ल्यात तथ्य किती, याचा पद्धतशीर तपास व्हायला मात्र विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

या तपासात जपान आघाडीवर राहिला. तिथल्या वनखात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नानाची मोहीम सुरू केली. तिचा आरंभ झाला नागानो प्रांतातल्या आकासावा या जंगलात. एदो काळात तिथल्या हिनोकी वृक्षांच्या तोडीवर अतिशय कडक निर्बंध होते. आज दिसणारे कित्येक वृक्ष तीनशे वर्षांचे आहेत. लाकूड वाहून नेण्यासाठी घातलेल्या अरुंद रुळांवरून आता पर्यटकांची छोटी गाडी धावते. वनस्नानात किती अंतर कापले, कोणता सुळका सर केला, याचा हिशेब नसतो. सावकाश चालायचे, मनाला येईल तिथे थांबायचे, पाण्याचा आवाज ऐकायचा, सालीचा आणि ओल्या मातीचा वास घ्यायचा, एवढेच.

तोक्योच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले डॉ. चिंग ली यांनी या सवयीचा शरीरावर होणारा परिणाम मोजला. त्यांनी बारा निरोगी पुरुषांना दोन रात्री, तीन दिवसांच्या जंगल सहलीला नेले आणि सहलीच्या आधी, दरम्यान व नंतर त्यांचे रक्त तपासले. विषाणूबाधित पेशींवर आणि कर्करोगाच्या पेशींवर हल्ला चढवणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशींची क्रियाशीलता जंगलात वाढलेली आढळली. लघवीतले अॅड्रेनलिन, म्हणजे ताणाची एक खूण, कमी झाले. याच अभ्यासमालेत तेवढ्याच मुदतीची शहरातली सहलही तपासली गेली. तीत या पेशींची क्रियाशीलता वाढली नाही. प्रवाशाच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. कामापासून सुटका, घराबाहेरचा मुक्काम आणि रजेचा आनंद दोन्ही सहलींत होता; फरक होता तो झाडांचा. जंगल सहलीचा परिणाम आठवड्याहून अधिक, काही अंशी महिनाभर टिकला.

याचे एक कारण झाडे हवेत सोडतात त्या सुगंधी द्रव्यांत असावे. कीड आणि बुरशीपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी झाडे अशी द्रव्ये बनवतात. त्यांना फायटोन्साइड म्हणतात. ली यांच्या आणखी एका प्रयोगात शहरातल्या हॉटेलच्या खोल्यांमध्ये रात्रभर हिनोकीच्या तेलाची वाफ सोडली, तेव्हाही या पेशी अधिक क्रियाशील झाल्या. अर्थात हे प्रयोग मोजक्या माणसांवरचे आहेत. रक्तातल्या पेशी काही दिवस सतेज झाल्या म्हणून एखादा रोग टळतो किंवा बरा होतो, असे त्यांतून सिद्ध होत नाही. जंगलात राहून कर्करोग बरा करून देण्याचा दावा कोणी केला, तर त्याला या संशोधनाचा आधार नाही.

मनावरच्या परिणामाचे स्पष्टीकरण मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ मध्ये सविस्तर मांडले. कार्यालयातले काम, रहदारी, मोबाइलचा पडदा यांसाठी लक्ष प्रयत्नपूर्वक एकवटावे लागते आणि ती शक्ती थकते. हलणारी पाने, ढग, वाहते पाणी यांकडे मात्र लक्ष आपसूक जाते. तेवढ्या वेळात थकलेल्या शक्तीला विसावा मिळतो. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना दीड तास हिरवळीच्या परिसरात आणि काही जणांना वाहत्या रस्त्याकडेने चालायला लावले. स्वतःबद्दलचे नकोसे विचार घोळवत राहण्याची प्रवृत्ती फक्त पहिल्या गटात कमी झाली. याशिवाय साधे लाभ आहेतच: पायी चालणे, पहाटेच्या उजेडाने झोपेची घडी बसणे, कमी धूर, कमी गोंगाट.

हे सगळे मिळवायला जपान गाठण्याची गरज नाही. रायगड जिल्ह्यातले, सुमारे आठशे मीटर उंचीचे माथेरान या दृष्टीने विलक्षण ठिकाण आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तिथे पोचले. १९०७ पासून नेरळहून अरुंद रुळांची गाडी वर चढू लागली. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, आणि २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. अलीकडे ई-रिक्षा आल्या असल्या, तरी गावात फिरायचे ते मुख्यतः तांबड्या मातीच्या वाटांवरून, पायी किंवा घोड्यावर. वर जांभूळ, अंजनीची दाट सावली असते. शांत उभे राहिले तर फांद्यांवरून झेपावणारा शेकरूही दिसतो.

दुर्दैवाने आपल्याकडची सहल बहुधा ‘पॉइंट’ मोजत चालते. सकाळी पॅनोरमा, मग एको, मग लुईसा, प्रत्येक ठिकाणी फोटो आणि संध्याकाळी परतीची धावपळ. अशा दिवसात डोळ्यांना निसर्ग दिसतो, पण शरीराला त्याचा सहवास घडत नाही. एकाच ठिकाणी दोन रात्री राहावे, दिवसाला एकच वाट धरावी आणि अर्धा तास तरी झाडाखाली निवांत बसावे. त्या वेळात फोन बंद आणि स्पीकर घरी. गुडघेदुखी असलेल्यांना आणि ज्येष्ठांनाही असा बेत झेपतो.

काळजी घ्यावी अशा गोष्टीही आहेत. मधुमेह, रक्तदाब, दम्याची औषधे सहलीतही वेळेवर घ्यावीत. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या ठिकाणी थेट विमानाने गेल्यास पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यायला हवी. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला गोचिडांमुळे माकडतापाची लागण झालेली आहे. तिथल्या रानात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आल्यावर अंग तपासावे आणि नंतर ताप आल्यास डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे.

सहलीचा परिणाम ओसरतो, हे ली यांच्याच मोजणीतून दिसते. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला निदान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये स्वतःची प्रकृती चांगली असल्याचे सांगणारे अधिक होते. ही पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निरोगी माणसेच अधिक बाहेर पडत असतील, ही शक्यता तीत उरते. ही दोन तासांची भर एका दमात पडली की थोडी थोडी, याने फरक पडला नाही. म्हणजे वर्षातून एकदा माथेरान आणि एरवी रविवारी सकाळची जवळची टेकडी, असा मेळ बहुतेकांना जमण्यासारखा आहे.