गाडीचा नंबर की फलाटाचा?

मराठी घरांत बडोदं, इंग्रजीत बरोडा, १९७४ पासून कागदोपत्री वडोदरा. रेल्वेने मात्र स्टेशनचा संकेत तसाच ठेवला: बीआरसी. पाटी बदलली, तरी आरक्षणाच्या यंत्रणेत कसलाही घोळ नाही!

संगणकाला यूएसबीतून वजनकाटा, जीपीएस रिसीव्हर, अर्डुइनो बोर्ड जोडणाऱ्यांना असाच एखादा बीआरसी हवा असतो. लिनक्सला जे उपकरण आधी सापडेल ते ‘टीटीवाययूएसबी०’, मागून येईल ते ‘टीटीवाययूएसबी१’. हा झाला फलाटाचा क्रमांक, गाडीचा नव्हे. उद्या जीपीएस आधी सापडला, तर काट्याचा ० त्याला मिळतो आणि वजन वाचणारा प्रोग्राम अक्षांश-रेखांश वाचत बसतो.

त्यातही एक गंमत आहे. केबल निसटली, पण प्रोग्रामने जुना पोर्ट धरूनच ठेवला, तर तेच उपकरण परत जोडल्यावर ० ऐवजी १ होऊन येतं! (‘टीटीवाय’ म्हणजे टेलीटाइप. ती खडखडणारी यंत्रं कधीच गेली, नाव अजून नांदतंय.)

विंडोज कॉम३, कॉम४ असे क्रमांक देतं आणि ते लक्षातही ठेवतं. पण पूर्वापार ‘कॉम१’ नावाची फाइल मात्र करू देत नाही. ते नाव पोर्टासाठी राखीव!

खरी ओळख उपकरणाच्या पोटात असते. प्रत्येक यूएसबी उपकरण आपला उत्पादक-क्रमांक सांगतं: एफटीडीआयचा ०४०३, स्वस्तातल्या सीएच३४० चिपचा १ए८६. सोबत अनुक्रमांक असला तर सोन्याहून पिवळं. लिनक्सच्या ‘बाय-आयडी’ फोल्डरमध्ये ही ओळखीची नावं आयती तयार मिळतात, आणि कितीतरी जण तिथे डोकावतच नाहीत याची मला हळहळ वाटते.

सीएच३४०मध्ये मात्र बहुधा अनुक्रमांकच नसतो. अशी दोन उपकरणं म्हणजे एकाच चेहऱ्याची जुळी. तिथे शेजारचं ‘बाय-पाथ’ फोल्डर कामी येतं: ओळख उपकरणावरून नाही, ते कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून. मग खाचेवर चिठ्ठी चिकटवा आणि जागा बदलू नका.

अनुक्रमांक असेल तर लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणाऱ्या युडेव्हच्या नियमाची एक ओळ पुरते. उत्पादक-क्रमांक, अनुक्रमांक आणि आपल्याला हवं ते नाव लिहायचं. त्यानंतर केबल कुठल्याही खाचेत खोचा, ‘काटा’ हे नाव काट्यालाच मिळतं.