नेत्सुके आणि इन्रो : टाटा बंधूंचा मुठीत मावणारा ठेवा

किमोनोला खिसा नसतो. जपानी बायका लहानसहान वस्तू बाहीत ठेवत, पुरुषांना मात्र पैशाची थैली, तंबाखूचा बटवा, औषधाची डबी असं बरंच काही जवळ बाळगायचं असे. आपल्याकडे धोतराच्या कनवटीला पैसे आणि कमरेला पानसुपारीची चंची खोचून माणसं आठवड्याचा बाजार करून येत. अडचण तीच होती, तोडगा निराळा निघाला. डबीला रेशमी दोरी ओवायची, ती कमरेच्या ओबी नावाच्या पट्ट्याखालून वर काढायची आणि वरच्या टोकाला एक गुटका बांधायचा. गुटका पट्ट्यावर अडकतो, डबी खाली लोंबत राहते आणि घसरत नाही. हा गुटका म्हणजे नेत्सुके. त्याच्या दोरीला लटकणारी, एकावर एक कप्पे बसवलेली लाखकामाची चपटी डबी म्हणजे इन्रो. दोरी आवळून कप्पे घट्ट बसवायला मध्ये एक मणी असतो, त्याला ओजिमे म्हणतात.

सुरुवातीला नेत्सुके म्हणजे झाडाच्या मुळाचा तुकडा, शिंपला किंवा सुकलेला छोटा भोपळा असे. पुढे एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीच शतकांत, त्याच गुटक्यावर इतकं बारीक कोरीवकाम झालं की जगभरचे संग्राहक आजही त्याच्यामागे आहेत. त्या काळी जपानमध्ये कोणी काय ल्यावं, काय नेसावं यावर कडक बंधनं होती. व्यापाऱ्याकडे पैसा असला तरी सामुराईसारख्या दोन तलवारी लावून मिरवायची त्याला मुभा नव्हती. मग त्याची हौस कमरेच्या या दीड इंचाच्या वस्तूवर उतरली. कारागिरांना गिऱ्हाईक मिळालं आणि त्यांच्यात चढाओढ लागली.

महाराष्ट्रात ही कला पाहायची तर मुंबईला जावं लागतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला जपानी आणि चिनी कलेचा संग्रह मुख्यतः जमशेटजी टाटांच्या दोन मुलांनी दिलेला आहे. सर रतन टाटा (१८७१–१९१८) धाकटे, सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) थोरले. हे रतन टाटा म्हणजे आपल्या पिढीने पाहिलेले रतन टाटा नव्हेत. या पहिल्या रतन टाटांच्या पश्चात त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी नवल टाटांना दत्तक घेतलं आणि त्या नवल टाटांचे चिरंजीव म्हणजे आपल्या ओळखीचे रतन टाटा.

सर रतन यांच्याविषयी मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, याचं वाईट वाटतं. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा लढा चालू होता तेव्हा त्यांनी सव्वा लाख रुपये पाठवले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला त्यांचा आधार होता. पाटण्याजवळ प्राचीन पाटलिपुत्राचं उत्खनन १९१३ पासून झालं, त्याचा खर्च त्यांनी उचलला. १९०६ मध्ये त्यांनी लंडनजवळच्या ट्विकेनहॅमचं यॉर्क हाऊस विकत घेतलं. प्रकृती नाजूक होती. १९१८ मध्ये इंग्लंडमध्येच, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते वारले. त्यांचा कलासंग्रह मुंबईच्या संग्रहालयाकडे आला. या इमारतीची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसली होती. बांधकाम १९१४ मध्ये पुरं झालं, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं आणि लोकांसाठी दार उघडलं ते १० जानेवारी १९२२ रोजी. म्हणजे रतन टाटांच्या वस्तू या संग्रहालयाच्या अगदी पहिल्या पुंजीतल्या आहेत. दोराबजी १९३२ मध्ये जर्मनीत वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांचाही संग्रह तिथे आला.

या गोष्टीचं एक टोक खानदेशात आहे. १८९३ साली जमशेटजी जपानला गेले होते. त्याच प्रवासात, योकोहामाहून व्हँकुव्हरला निघालेल्या बोटीवर, त्यांची आणि विवेकानंदांची गाठ पडली, ती हकिगत सर्वांना माहीत आहे. जपानची फेरी मात्र धंद्याची होती. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या कापसाच्या आणि सुताच्या वाहतुकीवर इंग्रजांच्या पी अँड ओ कंपनीची पकड होती आणि टनामागे १९ रुपये भाडं पडे. जमशेटजींनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी हातमिळवणी केली आणि १२ रुपयांत माल न्यायला सुरुवात केली. पी अँड ओने भाडं दोन रुपयांच्याही खाली आणून टाटांच्या बोटी बंद पाडल्या. जपानी कंपनी मात्र टिकली आणि मुंबई–कोबे वाहतूक चालू राहिली.

या बोटींत भरल्या जाणाऱ्या गाठींत खानदेशचा कापूस होता. मुंबईच्या कापूसबाजारात ‘खानदेश’ हे मालाच्या एका जातीचंच नाव होतं. आखूड धाग्याचा हा कापूस लँकेशायरच्या बारीक सुताला चालत नसे, ओसाकाच्या गिरण्यांच्या जाड्याभरड्या सुताला मात्र तो पुरे. एकोणिसावं शतक संपता संपता तापी खोऱ्यातला रेल्वेमार्ग झाला, नंदुरबार सुरतेशी जोडलं गेलं आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जपान हा हिंदी कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात होता. ज्या व्यापारामुळे मुंबईच्या पारशी घरांत जपानी वस्तूंची ओळख आणि आवड रुजली, त्याचं दुसरं टोक आपल्या काळ्या मातीतल्या कपाशीत होतं. म्हणून संग्रहालयातल्या त्या काचेपुढे नंदुरबारच्या माणसाने परकेपणाने उभं राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता वस्तूकडे येऊ. नेत्सुके समोरून पाहणं ही अर्धीच ओळख. बसलेला बैल घ्या. पाय पोटाखाली मुडपलेले, शेपूट अंगाला चिकटलेली, वेसणीची दोरी नाकातून पाठीवर टाकलेली. कुठेही टोक बाहेर आलेलं नाही, कारण टोक असतं तर ते किमोनोच्या रेशमात अडकलं असतं आणि मोडलंही असतं. सगळा आकार मुठीत फिरवता येईल असा गोळीबंद. मग तो उलटा करून पाहा. पोटाकडे दोन भोकं दिसतील. जुन्या कामात बहुधा एक भोक मोठं आणि एक लहान असतं. दोरीची गाठ मोठ्या भोकात दडायची असते, म्हणून. काही कारागीर भोकं पाडतच नसत. मुडपलेला पाय आणि पोट यांच्यामधल्या फटीतूनच दोरी ओवली जाईल अशी बैठक ते साधत. पोटाखालची खुरंसुद्धा कोरलेली असतात. ओबीवर अडकवल्यावर ही बाजू कोणाला दिसणार नसे, तरी कोरलेली असत.

असे बैल कोरण्यात क्योतोच्या तोमोतादाचं नाव मोठं. ओसाकाच्या इनाबा त्सूर्यूने १७८१ मध्ये तलवारीच्या साजाविषयी ‘सोकेन किशो’ हा सात भागांचा ग्रंथ छापला, त्यात पन्नासहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद आहे. तोमोतादाच्या बैलांना एवढी मागणी आहे की बाजारात त्यांच्या नकला फार झाल्यात, अशी तक्रार त्यात तेव्हाच केलेली आहे. म्हणजे खालची सही पाहून वस्तू घेण्यातला धोका अडीचशे वर्षांचा जुना आहे.

नेत्सुके हस्तिदंताचे, सांबरशिंगाचे, अक्रोडाच्या कवचाचे आणि लाकडाचेही असत. लाकडात त्सुगे हे घट्ट, बारीक रेषांचं लाकूड सर्वांत आवडतं. जपानात हत्ती नाहीत. दात नागासाकी बंदरात डच आणि चिनी जहाजांतून येई. शामिसेन हे तंतुवाद्य वाजवायच्या मोठ्या नख्या कापून उरलेल्या तिकोनी तुकड्यांतूनही पुष्कळ नेत्सुके निघाले. त्यामुळे काहींचा घाटच तिकोनी आहे. माझा कौल मात्र लाकडाच्या बाजूने आहे. पिढ्यान्‌पिढ्या हातात आणि कमरेला घासून त्सुगेचा रंग मधासारखा होतो, कोरलेले केस उंचवट्यांवर गुळगुळीत होतात, खोलगट जागी तसेच राहतात. ही झीज नकलाकाराला जमत नाही. तो सगळीकडे सारखाच रंग फासतो.

इन्रोची विद्या याहून अवघड. आपली लाख किड्याची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचा किडा राळ सोडतो, ती तापवून सावंतवाडीचे कारागीर चरकावर फिरत्या लाकडाला लावतात. जपानी लाख म्हणजे उरुशी नावाच्या झाडाचा चीक. हे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतला की अंगाला काय होतं हे सातपुड्यातल्या माणसाला सांगायला नको. उरुशीचा चीकही तसाच अंगावर उठतो आणि नवख्या कारागिराला तो सोसूनच शिकावं लागतं. दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला उन्हाळ्यापासून चिरा देत राहिलं की हंगामभरात पेलाभर चीक मिळतो आणि मग ते झाड तोडतात.

या चिकाची गंमत अशी की तो उन्हात वाळत नाही, ओलाव्यात घट्ट होतो. हवेत सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा लागतो. तेवढा असला की चिकातलं एक विकर (एन्झाइम) हवेतला प्राणवायू ओढून त्याला दगडासारखा कठीण करतं. म्हणून कारागीर दमट ठेवलेल्या बंद कपाटात डबी सुकवतो. कागदाहूनही पातळ थर द्यायचा, तो घट्ट होऊ द्यायचा, कोळशाने घासायचा, पुन्हा थर द्यायचा, असे तीस-तीस थर. शेवटच्या ओल्या थरावर बांबूच्या नळीतून सोन्याची भुकटी शिंपडून चित्र उमटवायचं, हे माकिए. चित्र सगळ्या कप्प्यांवरून सलग जातं आणि कप्पे बंद केले की सांधा शोधावा लागतो. एका चांगल्या इन्रोला महिनोन्‌महिने लागत. शिबाता झेशिन (१८०७–१८९१) हा या कलेतला शेवटचा थोर माणूस म्हणायला हरकत नाही.

झेशिनच्या हयातीतच हे जग मोडलं. १८६८ नंतर मेइजी राजवटीत जपानी पुरुषांनी कोट-पाटलोण घातली. पाटलोणीला खिसा होता. सिगारेट आली, तंबाखूचा बटवा गेला. नेत्सुके आणि इन्रो जुन्या बाजारात आले आणि पेटाऱ्यांनी भरून युरोपात गेले. पॅरिसच्या शार्ल एफ्रुसीने १८७० च्या दशकात घेतलेले २६४ नेत्सुके पुढे व्हिएन्नातल्या त्याच्या नातलगांकडे गेले. नाझींनी ते घर लुटलं तेव्हा घरच्या मोलकरणीने एकेक नेत्सुके आपल्या गादीत लपवून सगळे वाचवले. त्याच कुटुंबातला कुंभार-लेखक एडमंड डी वाल याने २०१० मध्ये त्यांची कहाणी पुस्तकात लिहिली. मूठभर आकाराची वस्तू होती म्हणूनच हे साधलं. भिंतीएवढं चित्र गादीत मावलं नसतं.

हे वाचून कोणाला संग्रहाची हौस वाटली तर दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. हस्तिदंताची वस्तू भारतात विकणं आणि विकत घेणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने बाहेरून आलेल्या दातावरही बंदी आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती कायम केली. ‘जुनं आहे’ म्हणून सूट मिळत नाही. ही बंदी योग्यच आहे. दीड इंचाच्या कलेसाठीही हत्ती मरावा असं कोणी म्हणणार नाही. दुसरी गोष्ट नकलांची. पर्यटकांच्या बाजारात ‘जुने जपानी’ म्हणून मिळणारे बहुतेक गुटके साच्यात ओतलेल्या राळेचे असतात. भिंगाखाली साच्याची शिवण आणि हवेचे बुडबुडे दिसतात. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी असते, राळेत ती येत नाही. तापलेली सुई टोचून परीक्षा करायचा सल्ला पुष्कळजण देतात. तसं करू नये, वस्तू कायमची खराब होते.

एखाद्या घरात आजोबा-पणजोबांनी मुंबईहून किंवा परदेशातून आणलेली लाखेची डबी असेलच, तर तिला खानदेशच्या उन्हाळ्यापासून जपा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आतलं लाकूड आकसतं आणि लाखेचे थर सुटतात. उन्हाने चकाकी जाते, ती परत येत नाही. डबी काचेच्या कपाटात खिडकीसमोर मांडू नका. मऊ सुती कापडात गुंडाळून आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवा. पाण्याने किंवा तेलाने पुसू नका. हस्तिदंतालाही कोरड्या उष्णतेने तडे जातात.

बाकीच्यांना विकत काहीच घ्यायची गरज नाही. टाटा बंधूंनी जे जमवलं ते तिकीट काढणाऱ्या प्रत्येकासाठी देऊन ठेवलं आहे. नंदुरबारहून सुरतमार्गे मुंबईला कामासाठी, दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी आपली माणसं सतत जात असतात. पुढच्या खेपेला फोर्टात दोन तास काढा, संग्रहालयात जपानी दालन विचारून घ्या, मुलांना बरोबर न्या आणि काचेला नाक लावून त्या दोन भोकांचा शोध घ्या.