प्रार्थना कीटक पाळताना : कधी खायला द्यायचं आणि कधी नुसतं बघायचं

आजचा आपला पाहुणा प्रार्थना कीटक आहे. आपल्याकडे कुणी त्याला खंडोबाचा किडाही म्हणतात. पुढचे दोन पाय दुमडून तो असा बसतो, की हात जोडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते पाय म्हणजे काटेरी चिमटे आहेत. समोरून माशी गेली की क्षणात उघडतात आणि मिटतात, आपल्या डोळ्यांना नीट दिसतही नाही.

पाळायला तो सोपा आहे. जागा थोडी लागते, आवाज नाही, वास नाही. तरीही पहिल्यांदा पाळणाऱ्यांकडून एक वाक्य आम्हाला वारंवार ऐकायला मिळतं : "खायला भरपूर घातलं होतं हो, तरी मेला." आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे. कारण पिल्लू दगावतं ते बरेचदा भुकेनं नाही, कात टाकताना दगावतं. आणि त्या वेळी आपली माया त्याच्या आड येते.

सुरुवात एका प्रश्नानं करू : याला पंख आहेत का? बागेत सहज दिसणाऱ्या हिरव्या जातींमध्ये पूर्ण पंख आलेला कीटक म्हणजे वाढ पूर्ण झालेला. तो पुन्हा कात टाकणार नाही, आणि त्याचं आयुष्यही आता थोडंच उरलेलं असतं. अंड्यापासून धरलं तरी सगळं आयुष्य साधारण वर्षभराचं. पावसाळा सरताना रात्री दिव्यावर येतो तो बहुधा असा पंखवाला असतो. त्याला दोन-चार दिवस बघावं आणि जिथून आणला तिथेच सोडावं. पंख नसतील तर ते पिल्लू आहे, आणि पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे.

आता घर. मोठी बरणी चालते, पारदर्शक डबा चालतो. हिशोब लक्षात ठेवा : उंची कीटकाच्या लांबीच्या किमान 3 पट, रुंदी किमान 2 पट. 5 सेंटिमीटरचा कीटक असेल तर 15 सेंटिमीटर उंची हवी. वर झाकण नको, मच्छरदाणीचं कापड रबरानं ताणून बसवा. हवा खेळते, आणि मुख्य म्हणजे त्याला उलटं लटकायला पकड मिळते. काचेला किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकला पाय नीट रोवता येत नाहीत. आत एक-दोन काटक्या तिरप्या ठेवा, तळाला साधा कागद अंथरा. आणि एका घरात एकच. दोन ठेवलेत तर काही दिवसांनी एकच उरेल, तोही पोट भरलेला!

खाणं जिवंतच लागतं. इवल्या पिल्लाला केळ्यावर येणारी चिलटं. पिकलेल्या केळ्याचा तुकडा बाटलीत ठेवून ती घरीच वाढवता येतात. जरा मोठं झालं की माशी, छोटं झुरळ, छोटा रातकिडा. भक्ष्य त्याच्या अंगाच्या निम्म्याहून मोठं नको. पिल्लाला दिवसाआड, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा पुरतं. मुंग्या घालू नका, त्या उलट त्यालाच चावतात. स्वयंपाकघरात औषध फवारलं असेल तर तिथलं झुरळ देऊ नका, त्या झुरळाबरोबर विषही पोटात जातं. त्याच कारणानं डासांची अगरबत्ती किंवा मशीन त्याच्या खोलीत नको. डासाला मारणारं औषध यालाही मारतं, कीटक तो कीटकच.

पाण्याची वाटी ठेवायची नाही, लहान पिल्लू त्यात बुडतं. फवाऱ्याच्या बाटलीनं भिंतीवर हलकेच थेंब उडवा, ते तो पितो. रोज किंवा दिवसाआड, पण पुढच्या वेळेपर्यंत आतलं सगळं वाळलं पाहिजे. सतत ओलं राहिलं तर बुरशी धरते. आणि बरणी उन्हात ठेवू नका, बंद काच उन्हात भट्टीसारखी तापते.

आता मूळ मुद्दा. कीटकाचं बाहेरचं कवच वाढत नाही, म्हणून मोठं व्हायचं तर जुनं टाकून द्यावं लागतं. पंख येईपर्यंत पिल्लू असं अनेकदा करतं. आधी एक-दोन दिवस, कधी जास्तच, ते खाणं सोडतं. सुस्त होतं, वर जाळीला लटकून राहतं. शेवटच्या वेळी पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगलेल्या दिसतात. नवखा माणूस नेमका इथे घाबरतो. आजारी आहे, उपाशी आहे, असं समजून आणखी रातकिडे सोडतो. पुढे पाठीवरची कात फाटते, पिल्लू उलटं लटकलेलं असतानाच त्यातून खाली सरकत बाहेर येतं. त्या वेळी त्याचं अंग अगदी मऊ असतं. खाली जागा नसेल तर पाय वाकडेच वाळतात. धक्का लागून पडलं तर बहुधा संपतंच. आणि आत भुकेला रातकिडा असेल तर तोच याला कुरतडतो. शिकारी त्या घटकेला शिकार झालेला असतो.

म्हणून नियम असा : खाणं नाकारलं की भक्ष्य बाहेर काढा, थोडं पाणी उडवा आणि बरणी हलवू नका. बाहेर आल्यावरही एक-दोन दिवस खायला देऊ नका, अंग कडक होऊ द्या. एखादा चालायचा पाय तुटला तरी लगेच निराश होऊ नका. पिल्लू लहान असेल तर पुढच्या एक-दोन कातींत तो पुन्हा येतो, आधी जरा आखूड.

रात्री डोळे काळे दिसले तर तेही दुखणं नाही. अंधारात ते काळवंडतात, सकाळी पुन्हा हिरवे होतात. हातावर घ्यायचंच असेल तर पकडू नका, बोट त्याच्या पुढ्यात धरा आणि मागून हलकेच स्पर्श करा, तो स्वतः चढेल. पोट फुगलं असेल किंवा नुकतीच कात टाकली असेल तर तेही नको.

मादी असेल तर एके दिवशी काटकीवर वाळलेल्या फेसासारखा गोळा दिसेल. ती अंडी आहेत. नराशिवायही मादी असा गोळा घालते, पण त्यातून बहुधा काही निघत नाही. नराशी मीलन झालं असेल, किंवा ती रानातून आणलेली मोठी मादी असेल, तर मात्र त्यातून डझनावारी, कधी शेकड्यानं पिल्लं निघतात. एवढ्यांना वेगवेगळं ठेवणं घरात जमत नाही. म्हणून तो गोळा काटकीसकट त्याच बागेतल्या झुडपाला बांधून टाका.

मुलांना हा कीटक जरूर पाळू द्या. कुत्र्या-मांजरासारखं लाड करून घेणं त्याच्याकडून होणार नाही. मात्र त्यानं खाणं सोडल्यावर दोन दिवस बरणीला हात न लावता थांबायला त्यांना आवर्जून सांगा. तेवढं जमलं की बाकीचं सोपं आहे.