मुलांच्या पोटगीचा फेरविचार

मूल बालवाडीत असताना ठरलेली पोटगी ते दहावीला पोहोचले तरी तेवढीच राहते. निकाल लागला की विषय संपला, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाल्यास न्यायालय पोटगी वाढवू शकते; पित्याची मिळकत खरोखर बुडाली असल्यास कमीही करू शकते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२७ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. दरमहा ५०० रुपयांची जुनी कमाल मर्यादा २००१ मध्येच रद्द झाली, हे अजून पुष्कळांच्या कानी नाही.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१३ च्या एका अंतरिम आदेशात बालकाला दरमहा ५,००० रुपये व सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये मंजूर केले होते. वाढ आदेशातच होती. याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उभय पक्षांना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र आवश्यक ठरविले.

नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराची मिळकत पगारपत्रकावरून कळते. आसपासच्या कोरडवाहू कास्तकाराची कशी कळावी? तेथे सातबारा, कापूस-सोयाबीनच्या विक्रीपावत्या कामी येतात. मुलाच्या खर्चासाठी शाळेचा दाखला व शुल्काच्या पावत्या लागतात. मुख्याध्यापकांनी त्या अडवू नयेत. पंचांनीही ‘एकरकमी घेतले, मुलांचा हक्क संपला’ असे मुद्रांकावर लिहून घेऊ नये. तो हक्क मुलाचा आहे, आईला सोडून देता येत नाही.

महिला व बालकांना उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळतो. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो.