आजी सांगेल, तुम्ही लिहा

नेवाशात कॉलेजला असाल, तर पैसाचा खांब तुम्ही नक्की पाहिला असेल. याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० ची गोष्ट. पण ती लिहून कुणी घेतली? सच्चिदानंदबाबांनी. सांगणारा एक, लिहून घेणारा दुसरा. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एनएसएसची वृद्धाश्रम भेट आठवा. केळी आणि बिस्किटांचे पुडे, दोन गाणी, एक नाच, ग्रुप फोटो. आपण सादर करतो, आजी-आजोबा टाळ्या वाजवतात. तासाभरात आपली गाडी परत. यात वाईट काही नाही, पण एक गोष्ट बघा. तिथे चहा कधी, जेवण काय, दिवा किती वाजता बंद, हे सगळं दुसरेच ठरवतात. त्यात आपणही ठरवून टाकतो, की त्यांनी बसून फक्त बघायचं.

खरं तर त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त माल आहे! गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करून घेतल्या. किती? एक लाखाहून जास्त. शाळेचं तोंड न पाहिलेल्या कितीतरी बायकांनी त्या रचल्या, गायल्या. मग गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या पोटातच राहिल्या. वृद्धाश्रमातल्या एखाद्या आजीच्या पोटात त्या अजून असतील. कुणी विचारलंच नाही, तर तिच्याबरोबरच जातील.

‘पण आजींना काही आठवतच नाही,’ असं कुणी म्हणेल. चालेल. अमेरिकेत १९९६ साली अ‍ॅन बास्टिंग यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसमोर मासिकातल्या जाहिरातीचं एक चित्र धरलं, त्यात एक काउबॉय होता. आधी त्यांनी आठवणी विचारून पाहिल्या होत्या, हाती काही लागलं नव्हतं. आता त्या म्हणाल्या, याची गोष्ट तुम्हीच रचा, तुम्ही बोलाल ते मी लिहून घेईन. आणि गोष्ट सुरू झाली! ‘टाइमस्लिप्स’ हा उपक्रम तिथूनच उभा राहिला.

म्हणजे बघा, तिथेही सांगणारा एक, लिहून घेणारा दुसरा.

मग करायचं काय? पाच-सहा जण जा. जाताना एक सूप आणि ओंजळभर जोंधळे न्या. गोल करून बसा. सूप हातात आलं की पाखडायला कुणाला सांगावं लागत नाही. ‘आठवतंय का?’ हा प्रश्न टाळा, ती परीक्षा होते. त्याऐवजी विचारा, ‘जात्यावर बसल्यावर आधी कुणाचं नाव घ्यायचं?’ आजोबांना टाळ द्या. भजन, गवळण, भारूड, जे निघेल ते निघू द्या. सूर चुकला तरी चुकू द्या. कुणाला नुसतं ऐकायचं असेल, तर तेही चालेल.

लिहिताना भाषा सुधारू नका. आजी ‘व्हतं’ म्हणाली, तर ‘व्हतं’च लिहा. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, ‘नको’ म्हणाली तर फोन खिशात. शेवटी सगळं मोठ्याने वाचून दाखवा. तिला एखादा शब्द बदलायचा असेल, तर बदला. खाली तिचं नाव घाला आणि एक प्रत तिच्या हातात द्या.

आणि हो, पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला परत जा. पहिल्या दिवशी आजी बहुतेक म्हणेल, ‘मला न्हाई काही येत.’ ओव्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निघतात. एनएसएसमध्ये वर्षाचे १२० तास असतातच. त्यातले थोडे इथे द्या.

वही घ्या. आजी वाट बघत असेल.