आशाताईंच्या पिशवीतली गोळी

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. तातडीची गर्भनिरोधक गोळी देण्याचं आशाताईंचं नाजूक काम नेमकं अशा गर्दीतच उरकतं. एरवी बाई एकटी निघाली तर वाटेत चौघं हटकतात. लेकराला डोस पाजायला निघाली म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

एकीने ताईंना मागच्या खोलीकडे खुणावलं. माझी हरकत नाही म्हणाली, म्हणून मीही आत बसले. निरोध फाटला होता. ताईंचा पहिला प्रश्न, "कधी?" परवा रात्री. ताईंनी बोटांवर तास मोजले, छत्तीसेक. मग शेवटची पाळी कधी आली ते विचारलं, कारण आधीच दिवस गेले असतील तर गोळीचा काही उपयोग नसतो.

लेव्होनॉरजेस्ट्रेल, 1.5 मिलिग्रॅम, एकच गोळी. संबंधानंतर 72 तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते; बीज आधीच सुटलं असेल तर तिचं फारसं चालत नाही. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. गर्भपाताच्या गोळ्या निराळ्या, पण गावात दोन्हींची सरमिसळ होते आणि पापाच्या धास्तीने कित्येकजणी मागायलाच येत नाहीत. उपकेंद्रात गोळी फुकट, आशाने घरपोच दिली तर 2 रुपये. मेडिकलमध्ये 2005 पासून चिठ्ठीशिवाय मिळते खरी, पण गावातला मेडिकलवाला बहुतेकदा नवऱ्याचा दोस्त असतो!

तिने गोळी तिथेच गिळली. रिकामं पाकीट ताईंनी ठेवून घेतलं, घरी सासूच्या हाती लागायला नको. "दोन तासांत उलटी झाली तर परत ये. ही मागच्या वेळेपुरतीच हाय, पुढं निरोध सोडू नको. पाळी आठवडाभर लांबली तर तपासून घेऊ." मग तांबीचा विषय निघाला. पाच दिवसांच्या आत बसवली तर ती गोळीपेक्षा खात्रीची, शिवाय पुढची काही वर्षं काळजी नाही. तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शनही ताईंनी सांगितलं. "यांना विचारते," ती म्हणाली. ताई हसल्या. मला राग आला. त्या 'यांना' या खोलीत बोलावण्याची पद्धतच नाही.

उपकेंद्र रविवारी बंद असतं. शनिवारी रात्री निरोध फाटला तर सोमवार उजाडेपर्यंत निम्मी मुदत सरायला येते. म्हणून ताईंच्या पिशवीतल्या गोळ्या संपायच्या आत तालुक्याहून साठा पोचलाच पाहिजे.